शंभर मीटरांचं अंतर

“पण आजोबा, पक्ष्याला तर पंख असतात ना! मग जंगलाचे तुकडे होऊन राहिले तर त्याला काऊन फरक पडते? या तुकड्यातून उडायचं, त्या तुकड्यात जाऊन बसायचं.”

धाकटीचा हा प्रश्न मला फार आवडला. थोरल्यानेही तिची बाजू घेतली. वाघाला हायवेवर ट्रक उडवतो, हरणाला कुंपण अडवतं, पण पाखराला कोण अडवणार, असं त्याचं म्हणणं. नागपूरच्या प्रतापनगरातल्या आपल्या गच्चीवरून पाहिलं तर ते खरंही वाटतं. कावळे, पारवे, साळुंक्या, पोपट कुठूनही येतात आणि कुठेही जातात. समोरच्या फ्लॅट स्कीमच्या टाकीवर बसलेला दयाळ क्षणात रस्त्यापलीकडच्या कडुनिंबावर असतो. पण या प्रश्नाचं उत्तर प्रतापनगरात सुरू होत नाही. त्यासाठी आधी पनामाला जाऊ, मग ब्राझीलला, मग जावा बेटावर आणि तिथून परत आपल्या अंबाझरीला. रात्र मोठी आहे. कूलर जरा लांब सरकवा, म्हणजे माझा आवाज ऐकू येईल.

पनामा हा मध्य अमेरिकेतला चिंचोळा देश. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला पॅसिफिक, आणि मध्ये डोंगर आणि दाट जंगल. जहाजांसाठी तिथे कालवा खोदला. त्या कालव्याला पाणी पुरावं म्हणून चाग्रेस नदीवर गातून या ठिकाणी धरण बांधलं. पाणी चढत गेलं, दऱ्या बुडाल्या, आणि १९१४च्या सुमारास जंगलातला एक उंच डोंगर चहूकडून पाण्याने वेढला गेला. त्याचं बेट झालं. नाव बार्रो कोलोराडो. क्षेत्रफळ सुमारे १५०० हेक्टर. १९२३ साली ते अभ्यासासाठी राखून ठेवलं आणि पुढे स्मिथसोनियन संस्थेकडे गेलं. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, बंदूक न्यायची नाही. पाखरांना याहून सुरक्षित जागा कुठली?

आणि तरीही तिथली पाखरं एकेक करून नाहीशी झाली. साठाहून जास्त जाती गेल्या. त्यातल्या काहींचं कारण सरळ आहे. त्यांना झुडपांची मोकळी जागा हवी होती, आणि बेटावरचं जंगल वाढून दाट झालं. पण ज्यांना दाट जंगलच हवं होतं, अशाही जाती गेल्या, आणि कोडं तेच होतं. एडविन विलिस नावाच्या अभ्यासकाने १९६०च्या दशकात तिथल्या एका मुंगीपक्ष्याचा वर्षानुवर्षं माग काढला. हे पक्षी मुंग्या खात नाहीत बरं का. तिकडे लष्करी मुंग्यांच्या फौजा जंगलाच्या जमिनीवरून निघतात. त्यांच्यापुढे जीव घेऊन पळणारे किडे, कोळी, झुरळं हे पक्षी टिपतात. विलिसच्या डोळ्यांदेखत त्या जातीचे पक्षी कमी होत गेले आणि शेवटी बेटावर एकही उरला नाही. सरोवराच्या पलीकडे, मुख्य जमिनीवर, तीच जात होती. मग तिकडून नवे पक्षी का आले नाहीत?

थोरल्या, तुझा प्रश्न नेमका इथे येतो. काही शास्त्रज्ञांनी तो थेट पक्ष्यांनाच विचारायचं ठरवलं. जंगलातले पक्षी जाळ्यात अलगद पकडले, नावेतून गातूनच्या पाण्यावर नेले आणि किनाऱ्यापासून शंभर मीटर, दोनशे मीटर, तीनशे मीटरांवर सोडले. समोर हिरवा किनारा स्पष्ट दिसत होता. काही जाती सरळ उडत पोहोचल्या. पण काही जातींच्या पक्ष्यांना शंभर मीटरसुद्धा जमले नाहीत. थोडं उडून ते पाण्यात पडले, आणि नावेतल्या माणसांनी त्यांना उचलून घेतलं. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्यांना पाणी ओलांडता येत नव्हतं, बहुतेक त्याच प्रकारच्या जाती त्या सरोवरातल्या बेटांवरून नाहीशा झाल्या होत्या.

शंभर मीटर म्हणजे किती? प्रतापनगरच्या चौकातून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं.

असं का व्हावं? उष्ण प्रदेशातल्या सदाहरित जंगलाच्या तळाशी बारा महिने सावली असते, आणि अन्नही बारा महिने मिळतं. तिथल्या कितीतरी लहान कीटकभक्षी पक्ष्यांना आयुष्यभर कुठे जावंच लागत नाही. एक जोडी, एक हद्द, आणि फांद्यांच्या गर्दीत झटकन वळायला सोयीचे असे तोकडे, गोलसर पंख. युरोपातले पुष्कळ पक्षी हिवाळा आला की हजारो किलोमीटर उडतात, कारण न उडाले तर मरतील. सदाहरित जंगलातल्या या पक्ष्याच्या पूर्वजांवर ती वेळ कधी आलीच नाही. त्याचे डोळे मंद उजेडाला सरावलेले असतात. लख्ख उन्हाच्या मोकळ्या पट्ट्यात त्याला दिसतं कमी, आणि तो मात्र ससाण्याला स्पष्ट दिसतो. म्हणून पंख पुरेसे असले तरी पुष्कळ जाती जंगलाच्या काठाशी येऊन मागे फिरतात. रस्ता त्यांना अडवत नाही. त्या रस्त्यापर्यंत जातच नाहीत.

आता ब्राझील. अमेझॉनच्या खोऱ्यात मनाऊस शहराच्या उत्तरेला गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडलं जात होतं. तिथल्या कायद्याप्रमाणे जमीनमालकाला जंगलाचा काही भाग राखावाच लागे. थॉमस लव्हजॉय या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात सुचवलं, की राखायचंच आहे तर ठरावीक मापाचे चौकोनी तुकडे राखा. कोणता एक हेक्टरचा, कोणता दहाचा, कोणता शंभरचा. तोडीच्या आधी पक्षी मोजू, तोडीनंतरही मोजत राहू. जगातला हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त काळ चाललेला असा प्रयोग आहे.

पहिल्या दिवसांत तुकड्यांमध्ये पक्षी वाढले! भोवतीचं जंगल पडल्यावर बेघर झालेले सगळे तिथे शिरले. वरवर पाहणाऱ्याला वाटलं असतं, वा, तुकड्यात तर चांगली गर्दी आहे. मग गर्दी ओसरली, आणि ओसरतच राहिली. मुंग्यांमागे फिरणारे पक्षी लहान तुकड्यांतून सगळ्यात आधी गेले. मुंग्यांची एक फौज काही आठवडे फिरते आणि काही आठवडे एका जागी मुक्काम करते. त्या दिवसांत पक्ष्याला दुसरी फौज शोधावी लागते, तिसरी शोधावी लागते. दहा हेक्टरांत एवढ्या फौजा कुठून असणार? शंभर हेक्टरांच्या तुकड्यातूनही जंगलाच्या खालच्या थरातल्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत गेल्या.

थोरल्या, आता मोबाइल काढ आणि गणित कर. मनाऊसला असं दिसलं, की जंगलाच्या कडेपासून साधारण शंभर मीटर आतपर्यंत सगळंच बदलतं. वारा घुसतो, माती सुकते, मोठी झाडं मोडून पडतात, त्यांच्या जागी उन्हाला सरावलेल्या वेली आणि झुडपं माजतात. मग शंभर हेक्टरांच्या चौकोनात खरं आतलं जंगल किती? बाजू एक हजार मीटर. दोन्हीकडून शंभर-शंभर कमी केले की आठशे गुणिले आठशे, म्हणजे ६४ हेक्टर. दहा हेक्टरांत? बाजू ३१६ मीटर, दोनशे वजा केले की ११६ उरले. एकशे सोळा गुणिले एकशे सोळा म्हणजे जेमतेम १.३ हेक्टर. आणि एका हेक्टरात?

“शून्य,” थोरला म्हणाला.

हो, शून्य. आपल्या भागातल्या नागपूर सुधार प्रन्यासच्या बगिच्यांत सावली आहे, बाकडी आहेत, बुलबुलांची घरटी आहेत. पण जंगलाचं ‘आत’ म्हणतात ते त्यात नाही.

तिसरी जागा जावा बेटावरची. तिथल्या बोगोर शहरात एक जुनं वनस्पती उद्यान आहे, ८६ हेक्टरांचं. १९३६च्या सुमारास त्याच्या आसपासचं जंगल संपलं आणि उद्यान शहरात एकटं पडलं. तोवर आणि पुढची काही वर्षं तिथे ६२ जातींचे पक्षी वीण करत. १९८०च्या दशकात पुन्हा मोजणी झाली तेव्हा त्यातल्या २० जाती नव्हत्या. झाडं होती तिथेच होती, माळी होते, कुंपण होतं. पण एखाद्या खराब वर्षी एखाद्या जातीच्या चार जोड्या मेल्या, तर त्यांची जागा घ्यायला बाहेरून कोणी येत नव्हतं. शास्त्रज्ञ याला विनाशाची उधारी म्हणतात. किराण्याच्या दुकानात महिनाभर सामान उचलत राहिलं तर घरात काही कमी पडल्यासारखं वाटत नाही, पण वहीत आकडा चढतच असतो. जंगल तुटतं त्या दिवशी पक्षी दिसत असतात. वसुली पन्नास वर्षांनी होते, आणि तोवर तोडणारी पिढीही गेलेली असते. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटते.

आता नागपूर. वरून पाहिलं तर आपलं शहर बरंच हिरवं आहे. उत्तर-पश्चिमेला गोरेवाडा, सुमारे १९०० हेक्टर. आपल्या पश्चिमेला अंबाझरी, १८७० साली बांधलेला तलाव, आणि त्याच्या मागे वनविभागाचं जैवविविधता उद्यान, साडेसातशे हेक्टरांच्या आसपास. मध्ये सेमिनरी हिल्स, फुटाळा, महाराजबाग, व्हीएनआयटी आणि नीरीची आवारं. आणि या सगळ्यांच्या मध्ये काय? आपण. ले-आउट पडले, सिमेंटचे रस्ते झाले, बंगल्यांच्या फ्लॅट स्कीम झाल्या आणि अंगणातली आंब्या-जांभळांची झाडं गेली.

पण अमेझॉनचा हिशेब जसाच्या तसा इथे मांडू नका. आपलं जंगल पानगळीचं आहे. मार्च-एप्रिलमध्ये साग उघडा पडतो, धावडा, तेंदू, सालई सगळे पानं गाळतात, आणि ऊन थेट जमिनीवर येतं. इथल्या पाखरांच्या पिढ्यान् पिढ्या असा उजेड पाहत आल्या आहेत. म्हणून आपले पक्षी मोकळी जागा जास्त सोसतात. राखी धनेशच पाहा. जुन्या झाडांच्या भागात तो शहरातही दिसतो, वड-पिंपळाच्या फळांसाठी एका झाडावरून लांबच्या दुसऱ्या झाडावर जातो. त्याची अडचण वेगळीच आहे. त्याची मादी झाडाच्या ढोलीत बसते, विष्ठा आणि चिखलाने दार लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. एवढी मोठी ढोली रस्त्याकडेला नव्याने लावलेल्या रोपाला कधी येणार? रोप दहा वर्षांत सावली देईल, पण ढोलीसाठी ते झाड म्हातारं व्हावं लागतं. रुंदीकरणात एक जुनं झाड गेलं आणि त्याबदल्यात दहा रोपं लावली, तर कागदावर झाडं वाढतात आणि धनेशाचं घर जातं.

नवरंग आणखी निराळा. मृगाच्या सुमारास तो दक्षिणेकडून, श्रीलंकेपासूनही, मध्य भारतात वीण करायला येतो. रात्री उडतो. कधी दमून एखाद्या वस्तीत उतरतो आणि लोकांना अंगणात हा रंगीत पक्षी भांबावलेला सापडतो. म्हणजे पंखांची ताकद अफाट. पण एकदा मुक्कामाला पोहोचला की तो जमिनीवर उड्या मारत पालापाचोळा उलटतो, गांडुळं आणि किडे टिपतो. त्याला पाचोळा हवा, दाट झुडपांची सावली हवी, आणि मांजरं-कुत्री नकोत. प्रतापनगरावरून तो दर वर्षी जातही असेल. पण इथे उतरून करणार काय? आपण पाचोळा झाडून जाळतो.

हिवाळ्यात पेंचच्या जंगलात उभं राहिलं तर आणखी एक चमत्कार दिसतो. बराच वेळ सगळं सामसूम असतं, आणि एकदम पाखरांची मिश्र टोळी येते. शेंड्याला निखार, मधल्या फांद्यांत वल्गुली, खोडावर सुतार आणि शिलींध्री, खाली नाचण, आणि त्यांच्यासोबत कोतवाल. कोतवाल पहारा करतो, शिकरा दिसला की ओरडतो. बाकीच्यांच्या हालचालीने उडालेले किडे त्याला मिळतात, आणि बाकीच्यांना डोकं खाली घालून निर्धास्त खाता येतं. अशी टोळी दिवसभर मोठ्या टापूत फिरते. जंगल आखडलं की यातला एकेक गडी गळतो, आणि कोणाचा तरी पहारेकरी जातो. एखादी जात मोजणीत टिकलेली दिसते, पण तिचं जगणं पहिल्यासारखं राहिलेलं नसतं.

म्हणून कोणी सांगितलं, ‘आमच्या भागात पक्षी भरपूर आहेत’, तर विचारायचं, कोणते? लालबुड्या बुलबुल, साळुंकी, कावळा, पारवा, भारद्वाज, शिंजीर हे तुकडे झाल्यावर वाढतात. त्यातले कावळा आणि भारद्वाज दुसऱ्यांची अंडी-पिल्लंही खातात, आणि त्यांना जंगलाच्या कडा फार सोयीच्या. संख्या तीच राहते, कधी वाढतेही. यादी मात्र बदलते, आणि सगळ्या शहरांतली सारखी होत जाते.

आता रानपिंगळ्याची गोष्ट, कारण ती आपल्या महाराष्ट्राची आहे. १८७२ साली आजच्या छत्तीसगडातल्या फुलझरकडे ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एक लहानसं घुबड मिळवलं. तो मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता, ज्याची राजधानी आपलं नागपूर. पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याला नवी जात म्हणून नाव दिलं. हो, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते तेच ह्यूम. १८८४ पर्यंत खानदेशातूनही काही नमुने मिळाले, आणि त्यानंतर काहीच नाही. एका ब्रिटिश कर्नलने, माइनर्ट्‌झहागन त्याचं नाव, १९१४ साली गुजरातेत तो मिळाल्याचं सांगितलं. ते खोटं होतं. संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्याने त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन या पक्षितज्ज्ञ बाईंनी ती लबाडी पकडली आणि जुन्या, खऱ्या जागांवर शोध घ्यायचं ठरवलं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, शहाद्याजवळ, सकाळच्या उजेडात, उघड्या फांदीवर त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी!

पुढे तो तोरणमाळला आणि मेळघाटातही सापडला, २०१४ साली ठाणे जिल्ह्यातल्या तानसाच्या जंगलातही. म्हणजे तो जवळच होता, आपणच नीट शोधत नव्हतो. पण नकाशावर या जागा मांडून पाहा. सातपुड्यात एक ठिपका, मग शेतं, मग दुसरा ठिपका, आणि पार पश्चिमेला आणखी एक. दिवसा वावरणारं हे घुबड विरळ सागवानी जंगलात राहतं, त्याला दाट अंधार लागत नाही. लागतात ती ढोल्या असलेली जुनी झाडं. एका ठिपक्यातली पिल्लं मोठी झाल्यावर दुसऱ्या ठिपक्यात पोहोचतात की नाही, यावर त्या जातीचं पुढचं शतक ठरणार आहे.

विदर्भातले मोठे तुकडे जोडलेले राहावेत म्हणून थोडंफार होऊन राहिलं आहे, तेही सांगतो. पेंचमधून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर, महाराष्ट्राच्या हद्दीत, नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे. त्यातल्या वाटा ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत रुंद आहेत, आणि त्यातून वाघही जातो. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ साली व्याघ्रप्रकल्प झाला, पण दोघांच्या मधून मुंबई-कोलकाता महामार्ग आहेच. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी ज्या नवेगावबांधला राहून पाखरांचा इतका अभ्यास केला, ते हेच नवेगाव. पण पाखरांचं काय? रातवा हा पक्षी रात्री गरम डांबरावर येऊन बसतो आणि गाडीखाली जातो. त्याच्यासाठी अजून कोणी पूल बांधलेला नाही.

“मग एकदा तुटलं की संपलं?” धाकटी.

नाही, आणि हे मी तुझं मन राखायला सांगत नाही. मनाऊसच्या कुरणांपैकी काही सोडून दिली गेली, तिथे पुन्हा रान वाढलं, आणि तुकड्यांतून गेलेले काही पक्षी त्या रानातून परत आले. मुंगीपक्षीसुद्धा. कोस्टा रिकात शास्त्रज्ञांनी एका रानपक्ष्याला घरापासून लांब नेऊन सोडलं. घरी परतताना तो मोकळ्या कुरणावरून गेला नाही, नदीकाठच्या झाडांच्या पट्ट्यातून गेला. एवढासा पट्टा, पण त्याला पुरला.

आपल्याकडे असे दोन पट्टे तयारच आहेत. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून अंबाझरीत येते आणि शहरातून पूर्वेला जाते. पिवळी नदी गोरेवाड्याकडून येते. दोघींचं पाणी शेवटी कन्हानला मिळतं. त्यांच्या आणि त्यांना मिळणाऱ्या नाल्यांच्या काठांवर उंबर, अर्जुन, करंज, जांभूळ आणि खाली झुडपं राहू दिली, तर अंबाझरीच्या नाचणाला शहरातून पुढे सरकता येईल. काठाला काँक्रीटची भिंत घातली आणि वर पेव्हर बसवले, तर येणार नाही. महापालिकेकडे हे मागता येतं. मागणाऱ्याकडे आकडे असले तर जास्त जोरात मागता येतं.

तेव्हा रविवारी काम आहे. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात आपल्या गच्चीवरून दिसलेले पक्षी, दुसऱ्यात अंबाझरीच्या रानात दिसलेले, आणि तिसऱ्यात दोघांच्या मधल्या रस्त्यावर आणि नाल्याकाठी दिसलेले. पहिले दोन रकाने कोणीही भरू शकेल. दुसऱ्यातले कोण तिसऱ्यात येतात आणि कोण येत नाहीत, हे शोधायचं आहे, आणि ते एका सकाळीत कळणार नाही. पावसाळ्यात, थंडीत, पुन्हा उन्हाळ्यात, त्याच वाटेने जायचं. साडेपाचला निघू. दुर्बीण एकच आहे, पाळीपाळीने घ्यायची.